नाल्याची नाडी

२०२२ चा जून. सकाळी सातला मावशीचा फोन. "अगं, लंडनच्या गटारात पोलिओ निघालाय म्हणे. टीव्हीवर सारखं दाखवतायत. धाकटीला सांगू का, पोराला घेऊन सरळ इकडे ये म्हणून?" धाकटी म्हणजे माझी मावसबहीण. पूर्व लंडनमध्ये राहते, तिचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. मी म्हटलं, "मावशी, गटारात सापडला हे बरंच झालं की. पोरात सापडला असता तर घाबरायचं." पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. भाची शिकून वाया गेली, असं तिच्या मनात आलं असणार.

मावशीचं अगदीच चुकत नव्हतं. गटार म्हणजे घाण आणि घाण म्हणजे रोग हे समीकरण आपल्या अंगात भिनलेलं आहे, आणि पोलिओच्या बाबतीत ते खरंही आहे. हा विषाणू आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि हातावाटे, पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो. पण त्या बातमीतल्या गटारातून कुणाला रोग झालेला नव्हता. लंडनच्या बेक्टन मैलाशुद्धीकरण केंद्रात सुमारे ४० लाख लोकांचं सांडपाणी येतं. तिथलं पाणी नेमाने तपासलं जातं, आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांतल्या काही नमुन्यांत पोलिओचे एकमेकांशी नातं सांगणारे विषाणू मिळाले. एकाही मुलाचा पाय लुळा पडलेला नव्हता. ऑगस्टमध्ये लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना लशीचा जादा डोस द्यायचं ठरलं आणि मावशीच्या नातवालाही तो मिळाला. गोष्ट तिथे संपली.

मला खटकला तो बातम्यांचा सूर. सांडपाण्यात रोग शोधायची ही काहीतरी कोविडनंतरची, पाश्चात्त्यांना सुचलेली नवलाई असल्यासारखं सगळे बोलत होते. मुंबईत हे काम २००१ मध्ये सुरू झालंय. तेही झोपडपट्ट्यांच्या सांडपाण्यावर.

१९९९ आणि २००० या वर्षांत मुंबईत पोलिओने अपंगत्व आलेल्या तीन मुलांची नोंद झाली. तीनच. पल्स पोलिओच्या फेऱ्या जोरात चालल्या होत्या, बूथवर रांगा लागत होत्या, बोटाला शाई लावून घेतलेली पोरं गल्लीभर मिरवत होती. दीड कोटीच्या आसपासच्या महानगरात तीन म्हणजे संपल्यातच जमा, असं कुणीही म्हणालं असतं. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, एंटरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. तिथले डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांचे सहकारी मात्र या तीनांपाशी अडले.

कारण पोलिओचा हिशेब उलटा आहे. विषाणूची लागण झालेल्या साधारण २०० मुलांपैकी एकाचाच हात किंवा पाय लुळा पडतो. उरलेल्यांपैकी काहींना थोडा ताप, घसादुखी, पोट बिघडणं. बहुतेकांना काहीच नाही. ती खेळतात, शाळेत जातात आणि पुढचे काही आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत राहतात. म्हणजे तीन लुळ्या पायांच्या मागे ढोबळमानाने सहाशे मुलं उभी असतात, आणि ती कुठल्याच रजिस्टरात नसतात.

बरं, तो एक लुळा पायसुद्धा रजिस्टरात येण्यासाठी बरंच काही घडावं लागतं. आईच्या लक्षात यायला हवं की पोर पाय टाकत नाही. तिने रोजंदारी बुडवून त्याला दवाखान्यात न्यायला हवं. गल्लीतल्या डॉक्टरने "अशक्तपणा आहे" म्हणून इंजेक्शन टोचून परत न पाठवता सरकारी यंत्रणेला कळवायला हवं. मग पाय लुळा पडल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घेऊन ते बर्फात घालून प्रयोगशाळेत पोहोचवायचे. ही व्यवस्था भारताने फार चांगली उभी केली होती, पण तिची पहिली कडी तरी घरच्यांनी दवाखाना गाठण्यावरच अवलंबून होती. ज्यांच्यापर्यंत दवाखाना पोहोचलेला नाही त्यांचा रोगही दवाखान्याला कळत नाही. साथीची पूर्वतयारी म्हणून आपण जे काही करतो, नकाशे, डॅशबोर्ड, इशारे, त्या सगळ्याच्या मुळाशी हे भोक आहे.

सांडपाण्याला मात्र केसपेपर लागत नाही.

नमुना कसा घेतात ते मी एकदा जवळून पाहिलंय. शहराचं नाव सांगत नाही. सकाळची सहा-साडेसहाची वेळ, कारण तेव्हा गावाचं पोट साफ होत असतं आणि पाणी सर्वांत दाट असतं. मुकादमाने चेंबरचं झाकण पहारीने सरकवलं. दोरीला बांधलेली स्टीलची बादली आत सोडली, एकदा भरून तशीच ओतून दिली, दुसऱ्यांदा भरून वर घेतली. नरसाळ्यातून एक लिटरची बाटली भरली, झाकण घट्ट लावून पुसली, मार्करने तारीख-वेळ लिहिली आणि बर्फाच्या पिशव्या भरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवली. मी नाकाला रुमाल लावलेला पाहून तो म्हणाला, "मॅडम, हा वास काहीच नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी या." अख्ख्या कामाला दहा मिनिटं लागली.

पुढचं काम प्रयोगशाळेत. जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओसाठी घालून दिलेल्या एका पद्धतीत अर्धा लिटर सांडपाण्यात दोन पॉलिमर मिसळून ते मिश्रण रात्रभर थंडीत ठेवतात. तेलपाण्यासारखे त्याचे दोन थर होतात आणि विषाणू बराचसा तळाच्या काही मिलिलिटरमध्ये उतरतो. हा अर्क पेशींवर टाकायचा. पण सांडपाण्यात पोटातले इतर शेकडो विषाणूही असतात, त्यांचं काय? त्यासाठी एक गमतीशीर पेशी वापरतात, नाव एल२०बी. मूळची ती उंदराची. उंदराच्या पेशीला पोलिओ सहसा होत नाही, कारण विषाणूला आत शिरायला लागणारा सीडी१५५ नावाचा प्रथिनाचा दरवाजा तिच्यावर नसतो. शास्त्रज्ञांनी माणसाच्या त्या दरवाजाचं जनुक उंदराच्या पेशीत बसवलं. आता माणसातले बाकीचे बहुतेक विषाणू बाहेर राहतात आणि पोलिओ तेवढा आत येतो. पेशी मरायला लागल्या की समजायचं, पाहुणा आलाय.

आता २००१ ची मुंबई. देशपांडे यांच्या चमूने शहरातल्या तीन धोक्याच्या झोपडपट्टी भागांतलं सांडपाणी दर आठवड्याला तपासायला घेतलं. वर्षभरात १३७ नमुने झाले. त्यांतल्या ३५ नमुन्यांत पोलिओचा रानटी विषाणू (लशीतला नव्हे, आपसूक फिरणारा; त्याचे प्रकार तीन), प्रकार १, सापडला. एका नमुन्यात प्रकार ३. जवळजवळ दर चौथ्या बाटलीत विषाणू, आणि त्या अख्ख्या वर्षात मुंबईत पोलिओचा रुग्ण नोंदला गेला एक. तो विषाणू सांडपाण्यात तीन महिने आधीच दिसला होता.

इथपर्यंतची गोष्ट थरारक आहे, पण मला देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाचा खरा जीव पुढच्या भागात वाटतो. हे विषाणू मुंबईचे नव्हतेच. आदल्या वर्षांत मुंबईतल्या मुलांत सापडलेल्या विषाणूंशी त्यांचं जवळचं नातं नव्हतं. ते चार वेगवेगळ्या घराण्यांचे होते आणि चारही घराणी उत्तर प्रदेशातल्या रुग्णांत नुकतीच दिसलेली होती. हे कशावरून कळलं? इथे जरा बैठक मारून बसू या, कारण साथरोगशास्त्रातली माझी सर्वांत आवडती युक्ती हीच आहे.

पोलिओच्या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएच्या एका धाग्यावर लिहिलेला असतो, सुमारे साडेसात हजार अक्षरांत. अक्षरं चारच: ए, यू, जी, सी. पेशीत शिरला की तो या मजकुराच्या प्रती काढायला लागतो. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करतात तेव्हा चुका तपासणारा मुद्रितशोधक सोबत असतो. पोलिओकडे तो नाही. त्यामुळे दर नवीन प्रतीत सरासरी एखादं अक्षर चुकतंच. बऱ्याच चुका विषाणूला महागात पडतात आणि त्या प्रती तिथेच संपतात. पण काही चुका खपून जातात.

कशा खपतात? आरएनएवरचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो आणि प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल मिळतं. जी-सी-यू म्हणजे अ‍ॅलनीन. पण जी-सी-सी, जी-सी-ए, जी-सी-जी या तिन्हींचा अर्थही अ‍ॅलनीनच. तिसरं अक्षर काहीही असो, प्रथिन तेच. कुणी 'पाणी'ऐवजी 'पाणि' लिहिलं तर मास्तर लाल रेघ मारतील, पण तहानलेल्याला पाणी मिळतंच. तशा या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. विषाणूचं त्यांच्यामुळे काही अडत नाही, म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. साठत जातात.

आणि साठण्याचा वेग आश्चर्यकारकरीत्या ठरलेला आहे. विषाणूच्या बाह्य कवचातल्या व्हीपी१ नावाच्या प्रथिनाचा मजकूर घ्या. प्रकार १ मध्ये तो ९०६ अक्षरांचा, म्हणजे ३०२ अमिनो आम्लांचा असतो. विषाणू माणसामाणसांतून फिरत राहिला की या मजकुरात वर्षाला साधारण एक टक्का अक्षरं बदलतात. वर्षाला नऊ अक्षरं. म्हणजे हे घड्याळच झालं, सव्वा-दीड महिन्याला एक टोला देणारं.

जुन्या पोथ्या अभ्यासणारे लोक हेच करतात. दोन प्रतींत एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक दिसली की दोघींची आई एक, असं म्हणायचं. पाठभेद मोजत मोजत पोथ्यांची वंशावळ लावायची. समजा मुंबईच्या बाटलीतल्या विषाणूत आणि उत्तर प्रदेशातल्या एखाद्या रुग्णाच्या विषाणूत १८ अक्षरांचा फरक आहे. घाईत कुणी म्हणेल, १८ भागिले ९, दोन वर्षांपूर्वीची फारकत. पण थांबा. फारकत झाल्यावर दोन्ही फांद्या वाढत होत्या, दोन्हींवर चुका साठत होत्या. दोघांच्या वाट्याला नऊ-नऊ. म्हणजे दोघांचा पूर्वज वर्षापूर्वीचा. आणि मुंबईतला विषाणू थेट त्या रुग्णाच्या विषाणूपासूनच निघालेला असेल, म्हणजे एक प्रत आई आणि एक लेक असेल, तर मात्र सगळे १८ बदल एकाच फांदीवरचे आणि अंतर दोन वर्षांचं. यातलं कुठलं खरं, हे ठरवायला नमुन्यांच्या तारखा लागतात आणि मधल्या कड्या लागतात. मधली कडी सापडलीच नाही आणि फरक मोठा दिसला, तर त्याचाही अर्थ असतो: विषाणू इतके महिने कुणाच्या तरी वस्तीत फिरत होता आणि आपल्या पाळतीला पत्ता नव्हता. पोलिओच्या लोकांत अशा एकट्या पडलेल्या विषाणूला 'अनाथ' म्हणायची पद्धत आहे. अनाथ विषाणू सापडला की त्या भागातल्या आरोग्ययंत्रणेची झोप उडते.

याच घड्याळाने लशीचा विषाणूही ओळखता येतो. तोंडावाटे देतात त्या लशीत जिवंत, मवाळ केलेला विषाणू असतो, डोस घेतलेली मुलं तो काही दिवस बाहेर टाकतात, आणि पल्स पोलिओनंतर शहराचं सांडपाणी त्याने भरलेलं असतं. मूळ लशीच्या मजकुरापासून दोन-तीन अक्षरं हललेला विषाणू म्हणजे परवाचा डोस. पण प्रकार १ किंवा ३ मध्ये फरक एक टक्क्यावर गेला, किंवा प्रकार २ मध्ये सहा अक्षरांपर्यंत गेला, की तो लशीतून निघून पोरापोरांत बराच काळ हिंडलेला विषाणू समजायचा. फार हिंडला तर तो पुन्हा लुळेपणा आणू शकतो. लसीकरण विरळ असेल तिथेच त्याला इतकं हिंडायला मिळतं. लंडनचा विषाणू या जातीचा होता. मावशीला मी हे सगळं फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. तिसऱ्या अक्षराला तिने कुकरची शिट्टी झाल्याचं सांगितलं.

तर, मुंबईच्या बाटल्यांनी सांगितलं ते असं: विषाणू वर्षभरात अनेकदा बाहेरून येतो, काही काळ फिरतो आणि विझतो. विझतो, याचा अर्थ मुंबईतलं लसीकरण काम करतंय. पुन्हा येतो, याचा अर्थ मूळ झरा दुसरीकडे आहे आणि तो बंद झाल्याशिवाय मुंबईत कितीही फेऱ्या काढल्या तरी पुरणार नाहीत.

'उत्तरेतून विषाणू आला' हे वाक्य आपल्याकडे लगेच कुठल्या वळणावर जातं ते मला माहीत आहे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा ओढत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, पुढचं गाव काय ते बघून घेईल, ही आपली जुनी रीत. गाडा गेला, वृत्ती राहिली. विषाणूच्या वंशावळीत फक्त वाट दिसते. तिथल्या लोकांनी डोस चुकवले असाच त्या वेळी पुष्कळांचा ग्रह होता. २००६ मध्ये साथरोगतज्ज्ञ निकोलस ग्रासली आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा वेगळंच निघालं. तीनही प्रकारांच्या त्या लशीचा एक डोस प्रकार १ पासून मुलाला संरक्षण देण्याची शक्यता उत्तर प्रदेशात ९ टक्के होती. देशाच्या इतर भागांत २१ टक्के.

हा फरक किती मोठा, ते वहीच्या मागच्या पानावर करून पाहा. डोसाला ९ टक्के यश, म्हणजे ९१ टक्के मुलं प्रत्येक डोसानंतर तशीच उघडी. दहा डोसांनंतर ०.९१ चा दहावा घात, म्हणजे ०.३९. दहा-दहा वेळा तोंड उघडून थेंब घेतलेल्या शंभर मुलांपैकी ३९ मुलं असुरक्षित! इतरत्र ०.७९ चा चौथा घात केला की तोच आकडा येतो, ०.३९. जे काम इतर ठिकाणी चार डोसांत होतं त्याला तिथे दहा लागत होते. कारण दाटी आणि जुलाब. आतड्यात आधीच इतर विषाणू-जिवाणूंची गर्दी असली की लशीच्या मवाळ विषाणूला बसायला जागा मिळत नाही. लस सगळीकडे तीच, शीतसाखळी तीच. पण स्वच्छ पाणी आणि संडास यांची वाटणी तशी नव्हती. आरोग्यसेवा 'पोहोचली' म्हणजे काय, याबद्दल मला यापेक्षा बोलका आकडा माहीत नाही. पुढे २००५ पासून एकाच प्रकारावर नेम धरणारी लस आणली, २०१० मध्ये दोन प्रकारांची, आणि चित्र पालटलं. देशात २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये १. तो एक १३ जानेवारीचा, हावड्याचा. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी विषाणू शेवटचा दिसला २०१० च्या नोव्हेंबरमध्ये. २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

बाटल्या मात्र भरत राहिल्या, आणि बरं झालं भरत राहिल्या ते. २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात लशीतून निघून हिंडलेला प्रकार २ सापडला. रुग्ण एकही नाही. जूनमध्ये आठवडाभरात तीन लाखांवर मुलांना लशीचा अंशमात्र डोस कातडीत टोचून दिला गेला. वाहिन्यांनी 'पोलिओ परतला' म्हणून गळा काढला. खरं तर पोलिओ यायच्या आधी माणसं पोहोचली होती.

सांडपाण्याची युक्ती पोलिओपुरती नाही, आणि मुंबईचीही मूळची नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमधल्या सिडमथ गावात ब्रेंडन मूर नावाच्या डॉक्टरने पॅराटायफॉइडचा वाहक शोधायला गटारांत गॉजचे बोळे दोरीने लटकवले. ज्या बोळ्यावर जिवाणू मिळाला त्याच्या वरच्या अंगाचं चेंबर, मग त्याच्या वरचं, असं करत तो उगमाकडे सरकत गेला. हुशारीचं काम. पण ते वाचताना मला कोविडातले इमारतींना ठोकलेले पत्रे आठवतात. चेंबरावरून चाळीपर्यंत, चाळीवरून खोलीपर्यंत पोहोचता येतं म्हणून पोहोचावंच का, आणि पोहोचल्यावर डॉक्टर पाठवायचा की पोलीस? ४० लाखांच्या बाटलीत कुणाचं नाव नसतं. वीस खोल्यांच्या बाटलीत ते असतं.

कोविडात हे तंत्र एकदम घरोघरी पोहोचलं. नेदरलँड्समधल्या अमर्सफोर्ट शहरात मार्च २०२० मध्ये तिथला पहिला रुग्ण जाहीर होण्याच्या सहा दिवस आधी सांडपाण्यात विषाणूचे अंश मिळाले. इथे पेशी मरायची वाट पाहत नाहीत, पीसीआर करतात. पीसीआरच्या दर फेरीत जनुकाचा तुकडा दुप्पट होतो आणि कितव्या फेरीला तो यंत्राला दिसला, तो आकडा म्हणजे सीटी. (कोविडात ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला छातीच्या स्कॅनचा सीटी स्कोअर वेगळा. अर्धा महाराष्ट्र या दोन्हींची गल्लत करत होता.) सीटी एकने वाढला की विषाणू निम्मा. पण समजा सोमवारी सीटी ३१ आला आणि गुरुवारी ३२. साथ निम्म्यावर आली? की बुधवारी पाऊस पडला आणि सांडपाण्यात दुप्पट पाणी मिसळलं? चार महिने पावसाच्या देशात हा प्रश्न जीवघेणा आहे.

त्याला उत्तर सापडलं ते मिरचीत. मिरचीच्या झाडाला होणारा एक विषाणू आहे, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. आपण मिरची, तिखट, सॉस, मसाले खातो, त्यांतून तो पोटात जातो, आपल्याला काडीचाही त्रास न देता तसाच बाहेर पडतो. माणसाच्या विष्ठेत त्याची रेलचेल असते आणि प्रमाण दिवसामागून दिवस फारसं हलत नाही. म्हणजे पाण्यात माणसाची विष्ठा किती, याचं ते माप झालं. गुरुवारी मिरचीच्या विषाणूचा सीटीही एकने वाढलेला दिसला तर पाऊसच. साथ जिथल्या तिथे. मिरचीचा आकडा तसाच आणि कोविडचा तेवढा वाढला तर साथ खरोखर उतरली. ठेच्याचा सार्वजनिक आरोग्याला झालेला हा उपयोग कुठल्याही आजीला सांगण्याजोगा आहे.

अर्थात यावरून 'शहरात आज नेमके इतके रुग्ण' असं कुणी सांगायला लागलं तर खिसा सांभाळा. कोण किती दिवस किती विषाणू टाकतो यात माणसागणिक हजारो पटींचा फरक पडतो. चढ की उतार, नवा की जुना, इथून की तिथून, एवढं सांडपाणी चांगलं सांगतं. एआय लावून गटारातून प्रत्येक रोगाचं भविष्य सांगणाऱ्यांच्या जाहिराती आता येऊ लागल्यात. पत्रिका पाहणाऱ्यांनी निदान दुर्बीण तरी विकली नव्हती.

२०२५ मध्ये आयसीएमआरने अशी पाळत ५० शहरांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. चांगलंच आहे. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे असे: देशाच्या शहरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. शंभरातल्या २८ लिटरवर. बाकीचं सेप्टिक टँकमध्ये मुरतं, सक्शनच्या गाडीतून रात्री कुठेतरी ओतलं जातं, नाहीतर नाल्याने नदीला मिळतं. पोलिओवाले म्हणूनच उघड्या नाल्यांवर जाऊन बाटल्या भरत आले. मैलाशुद्धीकरण केंद्राच्या दारात बसून नमुना घेणं सोयीचं, यंत्र लावता येतं, वीज असते. पण मग बाटलीत येतात ते ड्रेनेजची लाइन असलेले लोक, आणि साधारणपणे त्यांच्याकडे डॉक्टरचा नंबरही असतो.

त्या दिवशी खोकं टेम्पोत चढवल्यावर मी मुकादमाला विचारलं, समोरच्या टेकडीवरची ती पत्र्यांची वस्ती याच चेंबरला जोडलेली आहे का. "नाही हो," तो म्हणाला, "ती लाइन नाहीच. ते खालच्या ओढ्यात जातं." मग ओढ्याचा नमुना कोण घेतं? त्याने खिशातून घडी केलेली यादी काढली. लॅमिनेट केलेली होती. सहा चेंबरं होती, नंबरासकट. वरून खाली बोट फिरवून तो म्हणाला, "ओढा यात नाही."